मेडे, पॅन-पॅन आणि आमचे भाऊजी

भोपाळपासून समुद्र किती लांब आहे हे मला विचारू नका. तरुणपणी एकदा मोजायला निघालो होतो, परत येईपर्यंत माझं लग्नाचं वय निघून गेलं होतं. सांगायचा मुद्दा हा की आमच्याकडे समुद्र नाही. तलाव आहेत, पण तलावात बुडणाऱ्याला रेडिओ लागत नाही. काठावरचे पन्नास जण आपणहून सल्ला देतात. तरीही जहाज बुडताना आणि विमान पडताना रेडिओवर जे शब्द बोलतात, ते आमच्या आनंद नगरच्या घरात दोन वर्षं इतके बोलले गेले की कुकरसुद्धा तीन-तीन शिट्ट्यांच्या हप्त्यात बोलायला लागला. यात एक अक्षर खोटं नाही. चार-दोन जास्तीची असतील, ती वाचताना गाळून घ्यावीत.

हे सगळं भाचीपायी. माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, तिचे यजमान म्हणजे आमचे भाऊजी, आणि त्यांची एकुलती एक मुलगी, असं हे आनंद नगरचं घर. मी राहतो जवळच, सोनागिरीला, पण जेवतो कुठे ते विचारू नका. बारावी झाल्यावर भाचीने जाहीर केलं की ती विमान चालवणार. आम्हाला वाटलं, चार दिवसांत उतरेल. ती उतरली नाही, चढली. लागतात तेवढे तास विमान उडवून झालं, हवामानापासून कायद्यापर्यंतचे सगळे पेपर पास झाले. उरली एकच परीक्षा, रेडिओवर बोलण्याची.

ही परीक्षा अशी की दिल्लीला जायचं, एका खोलीत कानाला हेडफोन लावून बसायचं, परीक्षक हातात एक कार्ड देतो. कार्डावर तुमच्या काल्पनिक विमानाचं संकट लिहिलेलं असतं. ते संकट तुम्ही रेडिओवर सांगायचं आणि परीक्षक कंट्रोल टॉवर होऊन उत्तर देणार. मी म्हटलं, बोलायची परीक्षा आणि आमच्या घरची मुलगी, यात नापास होण्यासारखं काय आहे. पोरगी दोनदा नापास झाली.

आता तिसरी खेप होती आणि तीच शेवटची. कारण बाकीचे पेपर पास केल्याची मुदत त्या उन्हाळ्यात संपत होती. रेडिओत पुन्हा गेली असती तर सगळं पहिल्यापासून, हवामान, कायदा, सगळं. आणि भाचीने थंडपणे सांगून टाकलं होतं की पहिल्यापासून ती करणार नाही. मग काय करशील विचारलं तर म्हणायची, कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवीन. हे वाक्य ती ज्या आवाजात म्हणायची ना, त्या आवाजात आमच्याकडे लोक गेलेल्या माणसाचं वय सांगतात.

आता ते शब्द. एक मेडे. जीव धोक्यात आहे, आत्ता, या क्षणी, बाकी सगळ्यांनी तोंड बंद करा आणि आधी मला वाचवा, याला मेडे म्हणतात. दुसरा पॅन-पॅन. अडचण गंभीर आहे, लक्ष असू द्या, पण जीव या मिनिटाला जात नाहीये. दोन्ही तीन-तीनदा म्हणायचे, म्हणजे खरखरीतून एकदा तरी ऐकू जाईल. मग मी कोण, काय झालंय, मी काय करणार आहे, कुठे आहे, सोबत किती माणसं आहेत. जहाजाचा कप्तान असो की विमानाचा, नियम तोच. आणि हो, पॅन-पॅन ऐकून पान आणायला निघण्याचा विनोद आमच्या गल्लीत पहिल्याच दिवशी चौदा जणांनी करून संपवलेला आहे. तुम्ही तसदी घेऊ नका.

भाची नापास का झाली हे समजायला तिची दोन्ही घराणी समजून घ्यावी लागतात. आम्ही नागपूरचे. राजधानी नागपूरहून भोपाळला हलली तेव्हा सरकारी ऑफिसबरोबर वडील इकडे आले, आणि आवाज सामानात आणला. आमच्याकडे एखाद्याला ठेच लागली तर तीन गल्ल्यांना कळतं, चौथ्या गल्लीतून हळद येते. त्यात माझी अख्खी नोकरी गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात पॉवर प्रेसच्या शेजारी उभं राहून झाली. माझा हलका आवाज म्हणजे इतरांचं भांडण.

भाऊजी ग्वाल्हेरचे. ग्वाल्हेरचे मराठी लोक सगळ्यांना आपण म्हणतात हे तुम्हाला माहीत असेल. भाऊजी मांजरीलाही आपण म्हणतात. आपण जरा सरकता का. आणि त्यांच्या घराण्याची रीत अशी की आपली अडचण दुसऱ्याच्या कानावर घालणं हा असभ्यपणा. त्यांचं अपेंडिक्स फुटायला आलं तेव्हा ते मिनी बसने दवाखान्यात गेले, आणि वाटेत एका धडधाकट माणसाला जागा दिली. घराला आग लागली तर हे अग्निशमन दलाला पोस्टकार्ड टाकतील, आणि खाली लिहितील, सवडीने यावे.

अशा दोन घराण्यांच्या मधोमध ही मुलगी वाढली. पहिल्या खेपेला तिच्यात ग्वाल्हेर जागं झालं. कार्डावर लिहिलं होतं, इंजिनाला आग. सरळ मेडे. हिने बटण दाबलं आणि आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तशा आवाजात सांगितलं की इंजिनाचं जरासं बघावं लागेल असं वाटतंय, जमल्यास उतरू द्यावं. परीक्षकाने विचारलं, पुढे आणखी दोन विमानं आहेत, त्यांना आधी उतरू देऊ का. ही म्हणाली, हो सर, चालेल, काही प्रॉब्लेम नाही. आग लागलेल्या विमानातून. परीक्षकाने म्हणे चष्मा काढला, पुसला, आणि मग गुण दिले. जे दिले ते पुसण्याच्या लायकीचे होते.

दुसऱ्या खेपेची तयारी मी घेतली. त्यामुळे त्यात काय झालं ते मी जरा भरभर सांगतो. सोनागिरीच्या माझ्या गच्चीवर मी तिला महिनाभर ओरडायला शिकवलं. पलीकडच्या कारखान्यातली माणसं एकदा सुट्टी झाली समजून बाहेर आली, इतकी तयारी झाली होती. शिवाय माझा एक जुना नियम मी तिला दिला, की संकट सांगताना एकाचं दीड करावं, ऐकणारा अर्ध कापतोच. दिल्लीत कार्ड निघालं की एका प्रवाशाला घेरी आली आहे, डॉक्टरसाठी जवळच्या विमानतळावर वळायचंय. म्हणजे साधं पॅन-पॅन. भाचीने मेडे असा ठोकला की शेजारच्या खोलीतल्या उमेदवारानेही घाबरून मेडे दिला, आणि एक कारकून फायली घेऊन जिना उतरला. वर हिने घेरीच्या जोडीला थोडा धूर घातला. परीक्षक म्हणाले, मॅडम, कार्डावर धूर नाहीये. ही म्हणाली, सर, वाढू शकतं.

दिल्लीहून परत आली ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, “मामा यार, तुमच्यामुळे एका घेरीत मी अख्खं विमान जाळलं.”

तिसऱ्या खेपेचा ताबा ताईने घेतला. ताई शाळेत विज्ञान शिकवते आणि तिचा प्रयोगावर विश्वास आहे. तिने फ्रिजवर कागद लावला की आजपासून परीक्षेपर्यंत या घरात जे काही घडेल त्याचा रेडिओवरच्या पद्धतीने पुकारा करायचा. आधी ठरवायचं, मेडे, पॅन-पॅन की काहीच नाही. मग कोण, काय, कुठे, किती माणसं. निकाल भाची देणार, कारण शिकायचं तिलाच आहे.

पहिला आठवडा काय वर्णावा. दूध उतू जाणं हे पॅन-पॅन ठरलं, पण दूध उतू जात असताना मोलकरणीने ओटा नुकताच पुसलेला असेल तर मेडे, असं पोटकलम ताईने स्वतः घातलं. ग्वाल्हेरचे पाहुणे न कळवता आले तेव्हा मी खिडकीतून मेडे दिला. भाऊजी म्हणाले काहीच नाही. ताईने आतून फक्त विचारलं, किती माणसं आहेत. सहा म्हटल्यावर तिनेही मेडे मान्य केला. आता मेडे दिला की बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं हा तर जागतिक नियम. समुद्रावर एक जहाज मेडे म्हणालं की इतर जहाजं मुकी होतात. या नियमाचा मी ताईच्या घरात जो उपयोग केला तो कुठल्याही नौदलाने केला नसेल. ती मला बोलायला लागली की मी मेडे द्यायचो, ती नियमाने थांबायची, आणि मी दुसरी पोळी घ्यायचो. तिसऱ्या दिवशी भाचीने माझा परवाना निलंबित केला.

पण भाऊजी. आठवडाभरात भाऊजींनी एकही पुकारा केला नाही. त्यांना काही लागतच नव्हतं असं नाही. वरणात मीठ नव्हतं, ते तीन दिवस तसंच जेवले, कारण मीठ मागायचं तर आधी पॅन-पॅन म्हणावं लागलं असतं. चष्मा सापडेना तर वर्तमानपत्र हातभर लांब धरून बसले. ताई चिडून म्हणाली की मुलीसाठी एवढं नाही का करता येत. त्यावर त्यांनी पेपराची घडी घातली आणि म्हणाले, आपलं चालू द्या, मी ऐकतोय ना. भाची हे सगळं दारात उभी राहून बघायची. तिच्या वहीत दोन रकाने होते, एक मामाचा, एक बाबांचा. माझा रकाना तीन पानं गेला होता. बाबांचा कोरा.

मंगळवारची दिल्लीची गाडी होती. त्याआधीचा रविवार.

चैत्र संपत आला होता, नळाच्या पाण्याला मातकट वास यायला लागला, म्हणून भाऊजींनी सकाळी गच्चीवरची टाकी धुवायला काढली. सिमेंटची जुनी टाकी, आत उतरलं तर झाकण माणसाच्या डोक्यावर हातभर राहतं. कोणाला हाक मारायची नाही हे तर ठरलेलंच. त्यांनी आधी प्लास्टिकचं स्टूल दोरीने आत सोडलं, मग त्यावर स्वतः उतरले, टाकी घासली, पुसली, आणि वर यायला स्टुलावर उभे राहिले. स्टुलाचा पाय मोडला.

खिशात फोन होता. साडेनऊ वाजता घरच्या ग्रुपवर मेसेज आला. तो मी अजून जपून ठेवलाय, त्यामुळे इथे मीठमसाला नाही. “नमस्कार. सवड झाली की कोणी गच्चीवर यावं. घाई नाही. आपापली कामं आटोपून यावं.”

ताई तेव्हा मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेली होती, फोन पर्समध्ये, पर्स खुर्चीखाली. भाची खाली खोलीत हेडफोन लावून सराव करत होती. मी सोनागिरीत दाढी करत होतो. मेसेज वाचला, अंगठा पाठवला, आणि माणसाने सांगितलं तसंच केलं. कामं आटोपायला घेतली. माझ्याकडे काम नव्हतं, मी शोधून काढलं.

साडेदहाला दुसरा मेसेज. “येताना पाण्याची बाटली आणता आली तर पाहावं. आग्रह नाही.” मला वाटलं गच्चीवर पापड वाळत घातलेत, राखण करतायत. मी पुन्हा अंगठा पाठवला.

अकराच्या सुमाराला ताई घरी आली. हात धुवायला गेली तर नळाला पाणी नाही. तिने जे कोणीही गृहिणी करील ते केलं. जिन्याखालचं बटण दाबलं आणि बोअरची मोटर सुरू केली.

तिसरा मेसेज. “मोटर सुरू झालेली दिसते. पाणी सध्या घोट्यापर्यंत आहे. माहितीसाठी.”

हा मेसेज मी आनंद नगरच्या कोपऱ्यावर स्कूटर थांबवून वाचला. दोनदा वाचला. माझ्या डोक्यात पापड आणि घोटा काही केल्या जुळेनात. तिथून पुढची स्कूटर मी कशी नेली ते सांगत नाही, रायसेन रोडवरचा एक खड्डा अजून मला पाहून बाजूला होतो. घरात शिरलो तेव्हा शेजारचे चाचा त्यांच्या गच्चीवरून खाली वाकून उभे होते. हे चाचा जवळच्या मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेले, कबुतरं पाळतात, आणि जगातली कुठलीही गोष्ट त्यांना चकित करत नाही. मला बघून अस्सल भोपाळीत हाक मारून म्हणाले, “को खां, तुम्हारी टंकी सुबह से खाँस रई है.”

मी जिन्यावरून ओरडतच वर गेलो. एका हाताने भाचीच्या खोलीचं दार वाजवलं, तिने हेडफोन काढला, माझ्या फोनवरचे तिन्ही मेसेज वाचले, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते भीतीसारखं नव्हतं. एखाद्याला स्वतःचीच उत्तरपत्रिका दुसऱ्याच्या अक्षरात लिहिलेली सापडावी, तसं काहीतरी. ती धावली नाही. भराभर जिना चढली, गच्चीवर गेली, टाकीच्या पायरीवर चढून झाकणातून आत वाकली. मी तिच्या खांद्यावरून बघितलं. आत अंधारात भाऊजी, पँट दुमडलेली, पाणी पोटरीला, हातात घासणी. आम्हाला बघून त्यांनी नमस्कार केला.

मी मेडे द्यायला छाती भरून घेतली. भाचीने मागे न बघता हात वर केला आणि मी फुग्यासारखा तसाच राहिलो.

तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली. लागलंय का कुठे. नाही. चक्कर येतेय का. किंचित, पण आपण काळजी करू नये. पोहता येतं का. नाही. मग पाणी चढतंय ते कळतंय ना. त्यावर भाऊजींनी जे सांगितलं ते ऐकून चाचांच्या कबुतरांनीही घुमणं थांबवलं. भाऊजी म्हणाले की त्यांनी विचार करून ठेवलाय. पाणी वर येईल तसे तेही पाण्याबरोबर वर येतील, झाकणापाशी पोचले की स्वतःच बाहेर पडतील. कोणाला त्रास नाही.

पोहता न येणारा माणूस हे सांगत होता. शांतपणे. बस येईलच आता, या सुरात.

मी म्हटलं, हा मेडे आहे, याहून मोठा मेडे मी ऐकलेला नाही, मी ओरडतो, फायर ब्रिगेड येते, सगळं आनंद नगर येतं. चाचा म्हणाले, अरे खां, मोटर तो बंद करो पहले. भाची म्हणाली, “मामा, खाली जा आणि बटणावर हात ठेवून उभे राहा. मी सांगितलं की बंद.” मी म्हटलं आत्ताच का नाही. तिने वळून माझ्याकडे बघितलं. पोरीची नजर अशी कधी पाहिली नव्हती. ती घाबरलेली नव्हती आणि ओरडतही नव्हती. ती मोजत होती. पोटरीएवढं पाणी, मोटरचा वेग, बटणावर माणूस, शुद्धीत असलेला बाप. मी खाली न जाता तिथूनच ताईला खाली बटणापाशी उभं केलं, कारण पुढचं काही माझ्या पश्चात घडणं मला परवडणारं नव्हतं.

भाची पुन्हा आत वाकली. म्हणाली, “बाबा, हे पॅन-पॅन आहे. मेडे नाही. पण काहीच नाही असंही नाही. तुम्ही म्हणा.”

आत भाऊजींनी घासणी पिळायला घेतली. धार अजून पडतच होती.

मग तिने अगदी हळू सांगितलं, पण टाकीत आवाज घुमतो, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. “मला या आठवड्यात पुन्हा त्या खोलीत बसायचंय. आगीचं कार्ड आलं की माझ्या तोंडात तुमचा आवाज येतो, बाबा. तुम्ही एकदा मागितलंत तर मला मागता येईल.”

भाऊजी घासणीकडे बघत उभे होते. त्या माणसाच्या घराण्यात चार पिढ्या कोणी मीठ मागितलं नव्हतं. पाणी गुडघ्याला आलं. भाचीने खालच्या आईला इशारा केला आणि मोटर थांबली, पण ती स्वतः जागची हलली नाही.

शेवटी टाकीतून आवाज आला. पॅन-पॅन. एकदाच, खोकल्यासारखा.

“तीनदा,” भाची म्हणाली.

त्यांनी तीनदा म्हटलं. मग नियमाप्रमाणे सगळं, मी कोण, कुठे आहे. टाकीत आहे असं सांगताना त्यांचा आवाज जरा वर चढला, बहुतेक त्यांनाही ते तेव्हाच पूर्ण पटलं. स्टूल मोडल्याचं सांगितलं. सोबत किती माणसं, तर कोणी नाही. पुढे काय हवंय हे सांगायचं असतं. ते सांगायला त्यांना इतका वेळ लागला की तेवढ्यात मी दोन विमानं उतरवली असती.

“शिडी पाहिजे,” भाऊजी म्हणाले. “आत्ता.”

चाचांनी आपल्या गच्चीवरची शिडी कठड्यावरून अशी सरकवली की जणू तिथे ती सकाळपासून तयारच होती. नंतर कळलं की होतीच. खोकला ऐकून त्यांनी ती दहा वाजताच काढून ठेवली होती, पण कोणी मागेना, म्हणून देईनात. भाऊजींना ते पंडितजी म्हणतात. म्हणाले, पंडितजी के घर में बिन माँगे कैसे घुस जाएँ. म्हणजे सभ्यता दोन्ही गच्च्यांवर होती आणि मधल्या टाकीत माणूस.

भाऊजी बाहेर आले, पाय पुसले, सगळ्यांना नमस्कार केला आणि जेवायला बसले. जेवताना त्यांनी मीठ मागितलं. ताईने डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेली, बराच वेळ बाहेर आली नाही.

मंगळवारी मी भाचीला स्टेशनवर सोडायला गेलो. तिने सांगितलं की गाडी सुटेपर्यंत एकही सल्ला द्यायचा नाही. मी दिला नाही. माझ्या पोटात त्या दिवशी जे साचलं ते पचायला पुढचा आठवडा गेला.

दिल्लीत काय झालं ते तिने परत आल्यावर सांगितलं, मी फक्त क्रमाने लावतो. परीक्षक तेच, पहिल्या खेपेचे, चष्म्याचे. कार्ड असं होतं की डोळे फिरावेत. कॉकपिटमध्ये जळक्या तारेचा वास, थोडा धूर, आणि शेजारचा सहवैमानिक आजारी. म्हणजे आगीचं कार्ड आणि घेरीचं कार्ड एकात एक. आधीच्या दोन्ही परीक्षांनी तिला एकदम गाठलं होतं. तिने बटणावर अंगठा ठेवला आणि दाबायच्या आधी, ती म्हणते, श्वासभर काहीच केलं नाही. यातलं काय जीव घेईल एवढंच मोजलं. सहवैमानिक थांबू शकतो, धूर थांबणार नाही. मग मेडे, तीनदा, साध्या आवाजात. रोजची हजेरी द्यावी तसं. नाव, धूर, जवळच्या विमानतळाकडे वळतेय, उंची, दिशा, किती माणसं, त्यातला एक आजारी. कार्डावर होतं तेवढंच. काडीचंही जास्त नाही. हे सांगताना तिने माझ्याकडे बघितलं.

परीक्षकांनी मग तेच केलं जे पहिल्या वेळी केलं होतं. टॉवरच्या आवाजात म्हणाले, थांबा, तुमच्या पुढे दोन विमानं आहेत.

भाचीने बटण दाबलं आणि सांगितलं की थांबता येणार नाही. मेडे. मी येतेय.

त्यांनी पुन्हा थांबा म्हटलं. तिने पुन्हा सांगितलं, त्याच आवाजात, ना वाढवून ना कमी करून. तिसऱ्यांदा परीक्षकांनी धावपट्टी मोकळी केली.

निकाल लागायला बरेच दिवस गेले. या दिवसांत माझ्या भाचीने, म्हणजे मी सोनागिरीत सांगितलं त्याप्रमाणे, दिल्लीवर धुराने भरलेलं विमान एका इंजिनावर उतरवलं होतं आणि परीक्षक टेबलाखाली लपले होते. निकाल आला तेव्हा संध्याकाळ होती. भाचीने फोनवर बघितलं, बाहेरच्या खोलीत आली, आणि तिथे बसलेल्या आम्हा तिघांना उद्देशून म्हणाली की पास आहे, आता झोपणार आहे, मदत नको. आणि गेली झोपायला. ताई रडायला लागली. मी गल्लीत ओरडायला दारापर्यंत पोचलो होतो, पण दारात भाऊजी आधीच उभे होते.

समोर दूधवाला सायकल टेकवून माप काढत होता. भाऊजींनी त्याला आपणहून, कोणी काही विचारलेलं नसताना, सांगितलं की बेटी पास हो गई. दूधवाल्याने मान हलवली आणि विचारलं, आधा या एक. भाऊजी म्हणाले, आज तीन, खीर बनेगी. आणि मग त्याला विचारलं की आपके पास इलायची तो नहीं होगी.